मायस्थेनिया ग्रेव्हिस आणि आयुर्वेद: बाबांच्या गोळ्या बंद करायच्या का?

ताई, तुम्ही लिहिलेलं आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुमचे बाबा ६४ वर्षांचे, ऐरोलीला राहतात. गणपतीनंतर डाव्या डोळ्याची पापणी पडायला लागली, मग एकाचे दोन दिसायला लागले आणि दिवाळीच्या सुमारास भाकरी चावताना जबडा थकायला लागला. रक्तात असेटिलकोलीन रिसेप्टरविरुद्धची अँटिबॉडी सापडली आणि मायस्थेनिया ग्रेव्हिसचं, म्हणजे वापराबरोबर स्नायू थकत जाणाऱ्या आजाराचं, निदान झालं. सध्या पायरिडोस्टिग्मिन (मज्जातंतूचा निरोप स्नायूपर्यंत पोचायला मदत करणारी गोळी), प्रेडनिसोलोन (स्टेरॉइड) आणि अझाथायोप्रिन (प्रतिकारयंत्रणा दाबणारी गोळी) चालू आहे. साखर वाढली आहे, पोट सारखं बिघडतं, चेहरा सुजल्यासारखा दिसतो आणि बाबा वैतागले आहेत. नात्यातल्या कुणी एका वैद्यांचं नाव सुचवलं. ते म्हणतात, सहा महिन्यांत मुळापासून बरा करतो, फक्त ॲलोपॅथीच्या सगळ्या गोळ्या आधी बंद करा. तुमचे प्रश्न तीन: आयुर्वेदाने हा आजार बरा होतो का, दोन्ही औषधं एकत्र चालतात का, आणि भाऊ म्हणतो तसं बाबांना एकवीस दिवस पंचकर्माला न्यावं का.

मी ठाण्यात, नौपाड्यात, बरीच वर्षं वैद्यकी करते. मायस्थेनियाचे रुग्ण माझ्याकडे येतात ते बहुतेक तुमच्या बाबांसारखे असतात: निदान झालेलं, गोळ्या चालू, आणि गोळ्यांना कंटाळलेले. म्हणून पहिली गोष्ट आधी सांगते. गोळ्या बंद करू नका, अर्ध्याही करू नका, सुरुवात म्हणून एक कमीही करू नका. प्रेडनिसोलोन काही आठवडे घेतल्यावर शरीराची स्वतःची स्टेरॉइड तयार करण्याची व्यवस्था मंदावलेली असते. ती गोळी एकदम थांबली तर रक्तदाब कोसळू शकतो, आणि हा धोका मायस्थेनियापेक्षा वेगळा आहे. त्यात भर म्हणजे दाबून ठेवलेला आजार उसळतो, आणि तो श्वासाच्या स्नायूंपर्यंत गेला तर माणूस व्हेंटिलेटरवर जातो. अझाथायोप्रिनचा गुण यायला कित्येक महिने, कधी वर्षही लागतं. म्हणजे बाबांचा आज जो काही तोल सांभाळला गेला आहे, तो मुख्यतः स्टेरॉइडने. तेच काढून घ्या म्हणणाऱ्याला या आजाराची ओळख नाही, असं मी स्पष्ट म्हणेन.

आता आजार नेमका काय आहे ते पाहू, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. मज्जातंतू स्नायूला हुकूम देतो तो असेटिलकोलीन नावाच्या रसायनातून, आणि ते झेलणारे रिसेप्टर स्नायूच्या पृष्ठभागावर असतात. मायस्थेनियात शरीराचीच प्रतिकारयंत्रणा या रिसेप्टरवर उलटते. १९७३ मध्ये पॅट्रिक आणि लिंडस्ट्रॉम या संशोधकांनी विजेचा झटका देणाऱ्या ईल माशाचे रिसेप्टर सशांना टोचले, तेव्हा सशांना असाच लुळेपणा आला. तिथून या आजाराची गाठ सुटत गेली. म्हणजे स्नायू चांगला असतो, तंतूही चांगला असतो, त्यांच्यामधला निरोप अर्धा पोचतो. म्हणूनच सकाळी माणूस ठीक दिसतो आणि वापराबरोबर ताकद ओसरत जाते. ‘ताकदीचं औषध द्या’ ही मागणी इथे लागू पडत नाही ती त्यामुळेच. टॉनिक ज्याला बळ देईल तो स्नायू आजारी नसतोच.

दवाखान्यात मी एक साधी गोष्ट करते. रुग्णाच्या हातात वर्तमानपत्र देते आणि मोठ्याने वाचायला सांगते. पहिला परिच्छेद खणखणीत येतो. दुसऱ्यात शब्द जड होतात. तिसऱ्यात आवाज नाकातून यायला लागतो आणि शेवटची अक्षरं गिळली जातात. पाच-दहा मिनिटं गप्प बसवून पुन्हा वाचायला लावलं की आवाज परत येतो. पापणीचंही तसंच. छताकडे मिनिटभर टक लावून बघायला सांगितलं की पापणी हळूहळू खाली येते, आणि रुमालात बर्फ गुंडाळून दोन मिनिटं त्यावर धरला की बऱ्याच जणांची पापणी वर उचलली जाते. थंडीत असेटिलकोलीनचं विघटन मंदावतं, म्हणून. ही बर्फाची गोष्ट लक्षात ठेवा, कारण पंचकर्माच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यात आहे.

तर आजार असा चढता-उतरता आहे. सकाळ-संध्याकाळचा फरक, ऋतूचा फरक, झोपेचा, तापाचा, मनस्तापाचा फरक. शिवाय काही रुग्णांत तो आपणहून काही काळ शांत बसतो. ‘अमुक वैद्यांच्या पुड्यांनी आमचे काका बरे झाले’ अशा गोष्टी याच आजारात इतक्या ऐकू येतात त्याचं कारण इथे आहे. काकांना बरं वाटलं हे खोटं नसतं. पण पुडी सुरू केली तेव्हाच अझाथायोप्रिनला आठ महिने पूर्ण होत होते, हे कुणी सांगत नाही. आणखी एक गंभीर गोष्ट आहे. बिनलेबलच्या पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं सापडल्याचे प्रकार आपल्याकडे घडले आहेत. अशी पुडी मायस्थेनियाच्या रुग्णाला खरोखर गुण देते, आणि त्याचबरोबर मोजमाप नसलेल्या स्टेरॉइडचे सगळे दुष्परिणामही देते. शिवाय स्टेरॉइडचा मोठा डोस एकदम सुरू झाला तर पहिल्या एक-दोन आठवड्यांत मायस्थेनिया आधी बिघडतो. न्यूरोलॉजिस्ट तो डोस बहुधा पायरीपायरीने चढवतात ते यासाठी. ज्या औषधावर घटक लिहिलेले नाहीत, ज्याचा कागद वैद्य द्यायला तयार नाही, ते बाबांच्या पोटात जाऊ देऊ नका.

आयुर्वेदाने बरा होतो का? माझं उत्तर ‘नाही’ असं आहे, निदान आज आपल्या हातात जे आहे त्यावरून. मायस्थेनियात आयुर्वेदाच्या उपयोगाबद्दल जे छापलं गेलंय त्यात मुख्यतः एकेका रुग्णाच्या नोंदी आहेत, आणि अशा नोंदींवरून बरं होण्याचं आश्वासन देता येत नाही. संहितांमध्ये या नावाचा आजार नाही. सुश्रुतसंहितेत पापणीच्या विकारांत वातहतवर्त्म (वातामुळे पापणीची हालचाल बिघडणं) येतो, चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात अठ्ठाविसाव्या अध्यायात वातव्याधी आणि आवरणाचं (वाताचा मार्ग अडण्याचं) विवेचन आहे. आम्ही वैद्य मायस्थेनिया त्यांच्या आधाराने समजून घेतो. कुणी मांसगत वात (स्नायूंत शिरलेला वात) म्हणेल, कुणी आम (अर्धवट पचलेला रस) आणि ओजाच्या (शरीराच्या मूळ बळाच्या) अंगाने जाईल. हे समजून घेण्याचे मार्ग आहेत आणि पथ्य ठरवायला ते मला रोज उपयोगी पडतात. पण त्यातून ‘अँटिबॉडी नाहीशी करणारं औषध आमच्याकडे आहे’ असा निष्कर्ष काढणं शास्त्राला धरून नाही. चरकांनीच सूत्रस्थानात म्हटलंय की प्रत्येक रोगाला नाव देता आलं नाही तर वैद्याने लाज वाटून घेऊ नये. दोष, स्थान आणि कारण पाहून काम करावं. मी तेवढंच काम करते.

ते काम किती होईल हे परिस्थितीवर ठरतं. आजार फक्त डोळ्यांपुरता असलेला रुग्ण वेगळा. गिळायला, बोलायला त्रास असलेला वेगळा. तुमच्या बाबांचं चावणं थकतंय, म्हणजे ते दुसऱ्या गटाच्या उंबरठ्यावर आहेत आणि तिथे मी फार जपून पावलं टाकते. आणखी एक विचारते: छातीचा सीटी स्कॅन झालाय का? या आजारात साधारण दहातल्या एकाला छातीतल्या थायमस ग्रंथीची गाठ असते आणि ती काढावी लागते. तुमच्या लिहिण्यात त्याचा उल्लेख नाही. झाला नसेल तर पुढच्या भेटीत विचारा, आणि थायरॉइडची तपासणीही झाली आहे ना ते बघा, कारण थायरॉइडचे विकार या रुग्णांत जास्त आढळतात आणि ते बिघडले की स्नायूही बिघडतात.

दोन्ही औषधं एकत्र चालतात का? काही गोष्टी चालतात, आणि त्यांचा चांगला उपयोग होतो. माझा मुख्य भर पोटावर आणि जेवणावर असतो. पायरिडोस्टिग्मिनने पोटात मुरडा येतो, जुलाब होतात, तोंडाला पाणी सुटतं. कित्येक रुग्ण याला ‘ग्रहणी (पचन) बिघडली’ म्हणून माझ्याकडे येतात आणि मूळ कारण गोळी असते. डोस जास्त झाल्याचीही ही खूण असू शकते, आणि जास्त डोसनेही अशक्तपणा वाढतो, म्हणून आधी न्यूरोलॉजिस्टना सांगा. गोळी रिकाम्या पोटी न घेता दोन बिस्किटं किंवा थोड्या भातासोबत घेतली तरी पुष्कळांचा मुरडा कमी होतो. जोडीला ताजं, पातळ ताक, त्यात भाजलेलं जिरं आणि चिमूटभर सुंठ. स्टेरॉइडच्या जळजळीसाठी साळीच्या लाह्यांचं पाणी मला सगळ्यात भरवशाचं वाटतं. डॉक्टरांनी आम्लपित्ताची गोळी दिली असेल तर ती मात्र चालू ठेवायची.

गोळीचा असर अर्ध्या-पाऊण तासात सुरू होतो आणि तीन-चार तास राहतो. म्हणून मुख्य जेवण त्या वेळेत बसवा, जेवणाआधी साधारण पाऊण तास गोळी. सकाळी ताकद जास्त असते तेव्हा पोटभर खाऊ द्या, रात्री मऊ मूगडाळीची खिचडी, तूप घालून. भाकरी आवडत असेल तर दुधात किंवा आमटीत कुस्करून. जेवताना टीव्ही बंद, बोलणं बंद, हनुवटी किंचित छातीकडे, आणि दोन घासांत दम घ्यायचा. पाणी पिताना ठसका लागत असेल किंवा पाणी नाकातून परत येत असेल तर ते पथ्याने सुटणारं नाही, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. साखर वाढली आहे म्हणून गुळाचे लाडू, च्यवनप्राश, मोरावळा, आसव-अरिष्टं ही सगळी ‘औषधी’ गोडं बाजूला ठेवा. मीठ कमी. प्रेडनिसोलोन सकाळी नाश्त्यानंतर घेतली की रात्रीची झोप कमी बिघडते. हाडांसाठी कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व सुरू आहे का ते विचारा.

अंगाला तेल लावायला माझी हरकत नाही. कोमट तीळतेल किंवा बला तेल, सकाळी, हलक्या हाताने, दहा-पंधरा मिनिटं. रगडायचं नाही, स्टेरॉइडने त्वचा पातळ होते आणि दाबलं की काळेनिळे डाग पडतात. नंतर कोमट पाण्याची आंघोळ. कडकडीत पाणी नको. रात्री तळपायाला तूप चोळलं की पुष्कळांना शांत झोप लागते. श्वासाचे व्यायाम साधे, बसून, दोन्ही नाकपुड्यांनी संथ. कपालभाती, भस्त्रिका, श्वास रोखून धरणं नको.

आता जे मी या रुग्णांना देत नाही ते सांगते, कारण नुकसान इथेच होतं. पहिलं ज्येष्ठमध. आम्लपित्तासाठी आणि खोकल्यासाठी ते सर्रास दिलं जातं, चघळायच्या काड्यांपासून सिरपपर्यंत सगळीकडे असतं. ज्येष्ठमधाने शरीरातलं पोटॅशियम कमी होतं, प्रेडनिसोलोननेही होतं, आणि पोटॅशियम उतरलं की स्नायू गळून जातात. माझ्याकडे एक आजी आल्या होत्या, मायस्थेनिया वाढला म्हणून. जिना चढवत नव्हता, मान धरवत नव्हती. पिशवीतल्या सगळ्या बाटल्या टेबलावर काढायला लावल्या, त्यात ज्येष्ठमधाचं चूर्ण होतं, दिवसातून तीनदा. रक्त तपासलं तर पोटॅशियम बरंच खाली. चूर्ण थांबवून त्यांच्या डॉक्टरांनी पोटॅशियम भरून काढलं आणि आजी उभ्या राहिल्या. मायस्थेनिया होता तिथेच होता. पोट साफ करणारी सोनामुखीची चूर्णंही रोज घेतली तर हेच करतात.

दुसरं, कुचला, म्हणजे काजऱ्याचं विषारी बी. अग्नितुंडी वटी, विषतिंदुक वटी यांत तो असतो. वातव्याधीत, स्नायूंच्या दुर्बलतेत तो वापरण्याची आमच्याकडे परंपरा आहे, म्हणून मायस्थेनियातही सुचवला जातो. त्यातलं स्ट्रिक्नीन मज्जारज्जूतला लगाम सैल करून स्नायूंना आकडी आणतं, बिघडलेल्या निरोपाला त्याचा उपयोग नाही, आणि औषधाच्या व विषाच्या मात्रेत अंतर थोडं आहे. तिसरं, अश्वगंधा आणि गुळवेल. ‘इम्युनिटी वाढवा’ हा सल्ला जिथे प्रतिकारयंत्रणाच स्वतःवर उलटली आहे तिथे कसा लागू करायचा? अश्वगंधा थायरॉइडवरही परिणाम करू शकते. गुळवेलीबद्दल २०२१ मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी नोंद प्रसिद्ध केली होती. कोविडच्या काळात गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाली होती आणि ती ऑटोइम्यून धर्तीची, म्हणजे प्रतिकारयंत्रणा स्वतःवरच उलटल्यासारखी, दिसत होती. त्यावर वाद झाले, पण बाबा आधीच अझाथायोप्रिनवर आहेत, त्या गोळीसाठीच यकृताची तपासणी वरचेवर करावी लागते. त्यात दुसरी शंका मिसळली तर डॉक्टरांना कारण शोधता येत नाही. पारा, शिसं असलेली रसौषधं तर मी या वयात आणि या गोळ्यांसोबत देतच नाही. वनस्पती आहे म्हणून निर्धोक, हा समज सोडा. १९३४ मध्ये लंडनमध्ये मेरी वॉकर यांनी मायस्थेनियावर पहिल्यांदा परिणामकारक ठरलेलं औषध वापरलं, ते फायसोस्टिग्मिन. ते कालाबार नावाच्या आफ्रिकी वेलीच्या बीतून आलेलं, आणि ते बी तिकडे विष म्हणून माहीत होतं. पायरिडोस्टिग्मिन त्याच पठडीतलं, मात्रा बांधता येण्याजोगं झालेलं.

आयुर्वेदाइतकाच धोका साध्या दुखण्याच्या औषधांतही आहे. घसा दुखला की आपल्याकडे लगेच अझिथ्रोमायसिन लिहिलं जातं. ते, लघवीच्या संसर्गाला देतात ती सिप्रोफ्लोक्सासिन-लेव्होफ्लोक्सासिन, जेंटामायसिनसारखी इंजेक्शनं, मलेरियाची क्विनीन आणि क्लोरोक्विन, रक्तदाबाच्या बीटा-ब्लॉकर गोळ्या, शिरेतून देतात ते मॅग्नेशियम, ही सगळी मायस्थेनिया भडकवू शकतात. पावसाळ्यात ठाणे-नवी मुंबईत तापाची साथ येते तेव्हा घाईत नेमकी यातलीच औषधं दिली जातात. बाबांच्या पाकिटात एक कार्ड ठेवा: आजाराचं नाव, चालू गोळ्या, टाळायची औषधं, न्यूरोलॉजिस्टचा नंबर. दाताच्या डॉक्टरांनाही ते दाखवायचं.

एक वही घाला. रोज नको, आठवड्यातून दोनदा, गोळी घेतल्यानंतर ठरावीक वेळाने, म्हणजे दर वेळी तुलना खरी होईल. हात समोर ताठ धरून किती सेकंद राहतात. वर टक लावल्यावर पापणी किती वेळात पडते. एक पोळी चावायला किती थांबे लागतात. आणि खोल श्वास घेऊन एका दमात किती आकडे मोजता येतात. नवीन काहीही सुरू कराल, मग ते माझं पथ्य असो की डॉक्टरांची गोळी, एका वेळी एकच बदल करा आणि तारीख लिहा. चढ-उताराच्या आजारात कशाने काय झालं हे कळायला दुसरा रस्ता नाही. वही न्यूरोलॉजिस्टनाही दाखवा. गोळ्या कमी करण्याची वेळ येईल तेव्हा ते या आकड्यांवरच बोलतील.

एका दमात मोजायचे आकडे वीसच्या खाली येऊ लागले, मान धरवेना, आडवं झाल्यावर दम लागला, लाळ गिळता येईना, तर वाट पाहायची नाही. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर पाहून निश्चिंत होऊ नका, या आजारात ऑक्सिजन शेवटी शेवटी उतरतो. आयसीयू आणि न्यूरोलॉजिस्ट दोन्ही असलेलं, ऐरोलीहून लवकर पोचता येईल असं रुग्णालय आत्ताच ठरवून ठेवा. केईएम, नायर, जेजेमध्ये न्यूरॉलॉजीचे विभाग आहेत, पण रात्री दोन वाजता मुंबई गाठण्याची वेळ येऊ नये. प्लाझ्मा (रक्तातला द्रव भाग) बदलणं किंवा इम्युनोग्लोब्युलिन (शिरेतून दिल्या जाणाऱ्या अँटिबॉडी) देणं हे उपचार तिथे होतात का, हे फोन करून विचारा.

राहिला भावाचा प्रश्न. एकवीस दिवसांचं पंचकर्म आत्ता नको. स्वेदनाच्या, म्हणजे घाम काढण्याच्या, पेटीत अंग तापतं आणि उष्णतेने हा आजार बिघडतो; बर्फाने पापणी उचलली जाते ते आठवा. मे महिन्यात आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात माझे हे रुग्ण हमखास जास्त थकलेले असतात. वमन (औषधाने उलटी) आणि विरेचनात (औषधाने जुलाब) पाणी आणि पोटॅशियम दोन्ही जातं. नस्याचं, म्हणजे नाकात घालायचं, तेल आणि तेलाच्या गुळण्या गिळण्याचे स्नायू थकलेल्या माणसात श्वासनलिकेत उतरू शकतात, त्यातून न्यूमोनिया होतो. निवासी केंद्रात गोळ्यांच्या वेळा चुकण्याची भीती वेगळीच. गिळणं पूर्ण सुधारलं, आजार वर्षभर स्थिर राहिला, स्टेरॉइड अगदी कमी डोसवर आलं आणि न्यूरोलॉजिस्टनी लेखी होकार दिला, तर सौम्य अभ्यंग (अंगाला तेल) आणि फार तर मात्राबस्ती (गुदमार्गाने थोडं तेल), तेही घराजवळ, रोज घरी परतून करता येईल. भावाने आगाऊ पैसे भरले असतील तर तारीख पुढे ढकलता येते का ते विचारा. बाबांना मात्र त्या गाडीत बसवू नका.